छत्तीस टन पाण्याचा हिशेब

श्रावण लागला की स्मरणिकेच्या संपादकांचा फोन येतो. "यंदा वेळ नाही हो," असे आम्ही दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी लिहितोच. आजवर आम्ही होळकरकालीन बारवांवर लिहिले, माळव्यात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांवर लिहिले. यंदाचा विषय जरा लांबचा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत साध्या घरातल्या बायकांचा दिवस कसा जात असे, हे सांगायचे आहे. "माळवा सोडून एकदम अमेरिका?" असे आमच्या सौभाग्यवतींनीही विचारले. त्याला कारण एक आकडा.

आम्ही नोकरीने पाणीवाले. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा घेतला आणि राज्य सरकारच्या पाणीपुरवठा खात्यात सब-इंजिनियर म्हणून लागलो. हँडपंप, टाकी, पाइपलाइन आणि त्यांची रजिस्टरे यांतच उमेद गेली. आमची भाची न्यू जर्सीला असते. गेल्या दिवाळीला ती आली, तेव्हा अमेरिकेच्या इतिहासाची दोन-तीन पुस्तके सोबत होती. चाळता चाळता एका हिशेबाशी आम्ही अडखळलो. १८८६ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यात शेतकरी संघटनेच्या एका कार्यकर्त्याने गणित मांडले होते. झऱ्यावरून, विहिरीवरून किंवा पंपावरून दिवसात अनेक खेपा करून पाणी आणणारी शेतकऱ्याची बायको वर्षाकाठी १४८ मैल चालते आणि ३६ टनांहून जास्त पाणी वाहते, असे ते गणित होते.

पाणीवाल्याच्या हाती असा आकडा लागला की तो कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय राहत नाही. १४८ मैल म्हणजे सुमारे २३८ किलोमीटर. इंदूरहून उज्जैनला पायी दोनदा जाऊन यावे आणि तरी थोडे अंतर उरावे, इतके. त्यात जातानाची बादली रिकामी, येतानाची भरलेली. अमेरिकन टन आपल्या टनापेक्षा थोडा लहान, २,००० पौंडांचा. तसे धरले तर ३६ टनांचे रोज साधारण ९० लिटर होतात. आमच्या खात्यात सध्या खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरून योजना आखतात. म्हणजे ती बाई आजच्या मापाने धड दोन माणसांचेही पाणी आणत नव्हती, आणि त्यातच सगळे कुटुंब भागत होते. स्वयंपाक, भांडी, अंघोळी, धुणे सगळे त्यातच. पाणी हाताने वाहायचे असले की ते किती जपून वापरले जाते, हे ज्यांनी हंडे वाहिले त्यांना सांगायला नको.

हा हिशेब वाचल्यावर वाटले, या बाईचा बाकीचा दिवसही पाहावा.

तिचा आठवडा ठरलेला असे. सोमवारी धुणे, मंगळवारी इस्त्री, मग शिवण-टिपण, लोणी काढणे, झाडलोट, शनिवारी पाव भाजणे आणि रविवारी चर्च. वारांचा क्रम घरोघरी थोडा बदले, पण सोमवारचे धुणे सहसा चुकत नसे. रविवारी रात्रीच कपडे भिजत घालायचे. पहाटे चूल पेटवून मोठ्या हंड्यात पाणी तापवायचे. कपडे पाटीवर घासायचे, साबणाच्या पाण्यात उकळायचे, काठीने ढवळायचे, बाहेर काढून खळबळायचे, नीळ द्यायची, पिळायचे आणि दोरीवर टाकायचे. अशा एका धुण्याला ५० गॅलन, म्हणजे जवळपास १९० लिटर पाणी लागे. वापरून झालेले पाणी पुन्हा उचलून बाहेर फेकायचे तेही तिनेच. साबणसुद्धा पुष्कळ घरांत विकतचा नसे. चुलीतली राख साठवायची, तिच्यातून पाणी झिरपवून खार काढायचा आणि तो चरबीबरोबर शिजवायचा. त्या खाराने हात फाटत. मंगळवारी लोखंडाच्या जड इस्त्र्या चुलीवर आळीपाळीने तापवायच्या. ऐन उन्हाळ्यातही चूल विझवता येत नसे.

बिडाची शेगडी आली तेव्हा काम हलके झाले, असे म्हणतात. खोटे नाही, पण पुरते खरेही नाही. १८९९ साली बॉस्टनमध्ये गृहव्यवस्थेच्या एका शाळेने शेगडीच्या कामाची मोजणी केली. सहा दिवसांत एका शेगडीला २९२ पौंड कोळसा लागला, म्हणजे सुमारे १३२ किलो. तो आत आणायचा, राख चाळायची, बाहेर टाकायची, आणि शेगडी गंजू नये म्हणून तिला काळे पॉलिश घासायचे.

या सगळ्यात बाळंतपणे. शतकाच्या आरंभी गोऱ्या अमेरिकन बाईला सरासरी सात मुले होत. शतक संपताना हे प्रमाण साडेतीनवर आले. मेन राज्यात मार्था बॅलर्ड नावाची एक सुईण होती. १७८५ ते १८१२ या काळात तिने ८१६ बाळंतपणे केली. गोठलेली नदी ओलांडून ती जात असे. हे आपल्याला कळते, कारण ती रोज रात्री डायरी लिहीत असे. कुणाकडे गेले, काय विणले, बागेत काय लावले, किती पैसे मिळाले, असे दोन-चार ओळींत. तिने लिहिले नसते तर ती ८१६ बाळंतपणे कुठल्याच कागदावर एकत्र सापडली नसती. नोंद ठेवण्याचे महत्त्व आम्हा सरकारी माणसांना कुणी शिकवू नये म्हणतात. पण ही बाई आम्हालाही शिकवून गेली.

सगळ्याच बायका काही शेतावर राहिल्या नाहीत. मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉवेल नावाचे गाव कापडगिरण्यांसाठी वसवले गेले. १८२३ साली तिथली पहिली गिरणी सुरू झाली. नदीच्या पाण्यावर चाक फिरे आणि चाकावर माग. इंदूरच्या गिरण्यांचे भोंगे ज्यांच्या कानांत अजून आहेत, त्यांना लॉवेल परके वाटणार नाही. फरक इतकाच की तिथे कामावर मुख्यतः तरुण मुली होत्या, आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या लेकी. भोंग्याच्या जागी घंटा होती. पहाटे घंटा वाजली की उठायचे, संध्याकाळी सातला सुटायचे. आठवड्याला सरासरी ७३ तास काम. कंपनीच्या खानावळवजा वसतिगृहात एका खोलीत चार-सहा जणी, एका पलंगावर दोघी. पण पगार स्वतःच्या हातात पडे. बहुतेकींच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होते. कुणी घरचे कर्ज फेडले, कुणी भावाला शिकवले, कुणी पुस्तके घेतली. त्या मुलींनी स्वतःचे मासिकही चालवले.

१८३४ साली मालकांनी पगार कापला, तेव्हा या मुली माग सोडून बाहेर पडल्या. १८३६ साली राहण्या-जेवण्याचा खर्च वाढवला, तेव्हा पुन्हा. त्या दुसऱ्या संपात हॅरिएट हॅन्सन नावाची अकरा वर्षांची पोर होती. तिच्या विभागातल्या मोठ्या मुली जाऊ की नको करत राहिल्या, तेव्हा ती एकटी निघाली आणि मागे वळून पाहिले तर सगळ्या तिच्या पाठोपाठ येत होत्या. १८४५ साली दहा तासांच्या दिवसाची मागणी करणारे अर्ज विधिमंडळाकडे गेले. त्यांवर दोन हजारांहून अधिक सह्या होत्या. सेरा बॅग्ली आणि तिच्या सोबतिणींनी समितीपुढे साक्षी दिल्या. समितीने ऐकून घेतले आणि कामाचे तास ठरवणे हे आपले काम नव्हे, असा अहवाल दिला. फाइल बंद झाली. बायकांसाठी दहा तासांचा कायदा त्या राज्यात झाला तो १८७४ साली, म्हणजे एकोणतीस वर्षांनी. सरकारी फाइल किती काळ थांबू शकते याची आम्हाला बऱ्यापैकी कल्पना आहे. तरीही हे अंतर वाचून मान खाली गेली.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लॉवेलच्या मागावर चढणारा कापूस दक्षिणेतल्या राज्यांतून येई आणि तो गुलाम बायका-पुरुष वेचत. लॉवेलच्या काही गिरण्यांत विणलेले जाडेभरडे कापड पुन्हा त्याच गुलामांच्या अंगावर घालण्यासाठी दक्षिणेत विकले जाई. गुलाम बाई दिवसभर शेतात राबे, आणि रात्री मालकाच्या घरचे सूतकताई-विणकाम तिच्या वाट्याला येई. तिची मुले तिची नसत, मालकाची मालमत्ता असत. हॅरिएट जेकब्स ही अशीच एक बाई. नॉर्थ कॅरोलायनातल्या एडन्टन गावी, मालकाच्या तावडीतून सुटण्यासाठी, ती आजीच्या घराच्या छपराखालच्या पोकळीत जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि जेमतेम तीन फूट उंच अशी ती जागा होती. तिथे उभेही राहता येत नसे. फटीतून तिला खाली आपली मुले दिसत, पण हाक मारता येत नसे. पुढे ती उत्तरेत निसटली आणि १८६१ साली तिने आपली कहाणी छापली.

इथे आमची नजर आपोआप रजिस्टरांकडे गेली. १८४० पर्यंतच्या अमेरिकन जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. बाकी बायका-मुले म्हणजे नुसते आकडे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव आले, पण व्यवसायाचा रकाना फक्त पंधरा वर्षांवरच्या पुरुषांसाठी होता. गुलामांसाठी तर वेगळे तक्तेच होते. त्यांत मालकाचे नाव, आणि त्याच्याखाली गुलामाचे वय, स्त्री की पुरुष आणि वर्ण. बहुतेक ठिकाणी नाव नाहीच. १८६० साली असे सुमारे ३९.५ लाख जीव त्या देशात होते. लाखो बायका जगल्या, राबल्या, मुलांना जन्म देऊन गेल्या, आणि सरकारी कागदावर त्यांच्या नावाचे अक्षरही उमटले नाही.

यादवी युद्धानंतर गुलामी संपली. दक्षिणेतल्या शहरांत मोकळ्या झालेल्या काळ्या बायकांपुढे कामे थोडी होती. त्यांतले एक धुण्याचे. त्या सोमवारी गोऱ्या घरांतून कपडे आणत आणि शनिवारी इस्त्री करून परत देत. पाणी स्वतः वाहायचे, साबण स्वतः करायचा, कोंड्यापासून खळ स्वतः काढायची. दारूचे पिंप मधोमध कापून त्याचे टब करायचे. महिन्याला मिळकत चार ते आठ डॉलर. पण काम आपल्या अंगणात आपल्या शेजारणींबरोबर करता येई, मुले डोळ्यांसमोर राहत, आणि मालकिणीच्या घरात दिवसभर उभे राहावे लागत नसे. म्हणून त्यांना तेच पसंत होते.

१८८१ च्या जुलैत अटलांटा शहरात अशा वीसेक धोबिणींनी एक संघटना काढली. बारा पौंड कपड्यांना एक डॉलर असा एकच दर त्यांनी मागितला. मग त्या दारोदार फिरल्या, चर्चमध्ये सभा घेतल्या. तीन आठवड्यांत वीसच्या तीन हजार झाल्या. काही गोऱ्या धोबिणीही त्यांत आल्या. काहींना अटक झाली, दंड झाले. नगरपालिकेने शक्कल काढली की प्रत्येक धोबिणीने वर्षाला २५ डॉलर परवाना फी भरावी. म्हणजे कित्येकींची तीन ते सहा महिन्यांची कमाई! बायकांनी महापौरांना पत्र लिहून कळवले की आम्ही फीही भरू, पण मग शहरातल्या धुण्याचे दर आम्ही ठरवू. शेवटी नगरपालिकेने परवान्याचा तो ठराव सोडून दिला. ज्यांच्या आईचे नाव जनगणनेत नव्हते, त्या बायकांनी आपल्या कामाचा दर स्वतः सांगितला होता.

घरच्या कामाचे काय? लग्न झालेल्या बाईची कमाई कायद्याने नवऱ्याची. न्यूयॉर्क राज्यात १८४८ साली विवाहितेला स्वतःची मालमत्ता बाळगता येऊ लागली, आणि स्वतःच्या कमाईवर हक्क १८६० साली मिळाला. १८४८ च्याच जुलैत त्या राज्यातल्या सेनेका फॉल्स गावी स्त्रियांच्या हक्कांची सभा भरली. तिच्या जाहीरनाम्यावर ६८ बायका आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या. सही करणाऱ्यांत शार्लट वुडवर्ड नावाची एक तरुणी होती. ती घरी बसून हातमोजे शिवत असे. १९२० साली अमेरिकेत बायकांना मताधिकार मिळाला तेव्हा सही करणाऱ्यांपैकी ती एकटीच हयात होती, आणि आजारपणामुळे तिला मत देता आले नाही.

१८७० च्या जनगणनेत एक बदल झाला. स्वतःचे घर सांभाळणाऱ्या बाईपुढे 'घर चालवते' असे लिहा, अशी सूचना गणकांना मिळाली. पण ही नोंद व्यवसायांच्या बेरजेत धरली जात नसे. १८७८ साली स्त्रियांच्या एका संघटनेने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, लेखी निवेदन दिले की देशातल्या लाखो गृहिणींना उत्पादक म्हणून मोजतच नाहीत, हे बरोबर नाही.

हे वाचले आणि आम्हाला २०११ आठवले. त्या वर्षीच्या जनगणनेत आमचीही ड्यूटी होती. काम न करणाऱ्यांसाठी एक रकाना होता, त्यात विद्यार्थी असेल तर १ आणि घरकाम असेल तर २. किती घरांत आम्ही तो २ लिहिला याची गणतीच नाही. आमच्या स्वतःच्या घरी दुसऱ्या वॉर्डाचे गुरुजी आले होते. आईची माहिती लिहून झाल्यावर आईने विचारले, "माझ्यापुढं काय लिहिलंत गुरुजी?"

"घरकाम, काकू. म्हणजे दोन."

"आणि वरती, कामाचं?"

"तिथं काम नाही, असं."

आई हसली. तेवढ्यात नळाला पाणी आले आणि ती हंडा घेऊन उठली. लहानपणी आमच्या गावी ती बावडीवरून दोन वेळा पाणी आणत असे, डोक्यावर एक आणि कमरेवर एक. म्हातारपणी तिची मान डावीकडे वळत नसे. आम्ही खात्याची इतकी रजिस्टरे भरली, गावोगावच्या विहिरींचे अंतर मोजले, पण आईने किती पाणी वाहिले याचा हिशेब कधी केला नाही. ती गेल्यावर, एका परक्या देशातल्या अनोळखी बाईचा हिशेब वाचून तो सुचला.

आपला आणि त्या अमेरिकेचा एक खरा धागा आहे. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणी दंतवैद्याकडे बसल्या असताना एका नियतकालिकात गोपाळराव जोशींचे पत्र वाचतात आणि त्यातून आनंदीबाईंशी पत्रव्यवहार जुळतो. १८८३ साली आनंदीबाई तिथे पोहोचल्या त्या याच बाईंच्या घरी. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्यांना डॉक्टरकीची पदवी मिळाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढल्याच वर्षी २६ फेब्रुवारीला आनंदीबाई पुण्यात वारल्या. वय अवघे एकवीस. त्यांची रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. रमाबाई अमेरिकेत अडीच वर्षांहून अधिक हिंडल्या, आणि १८८९ साली त्यांनी त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. तिथल्या बायकांच्या शिक्षणाचे आणि संघटनांचे त्यांनी मनापासून कौतुक केले, आणि काळ्या लोकांना मिळणारी वागणूकही झाकली नाही. नॉर्थ कॅरोलायनातला तो पाण्याचा हिशेब मांडला गेला, तो नेमका रमाबाई अमेरिकेत पोहोचल्या त्याच वर्षी.

आता थोडे घरचे. गेली सहा वर्षे या स्मरणिकेचे शेवटचे आभाराचे पान आम्ही तयार करतो. मांडववाले, लाइटवाले, ध्वनिक्षेपकवाले, मूर्तिकार, जाहिरातदार, सगळ्यांची नावे त्यात असतात. हा लेख लिहिताना सहाही वर्षांची पाने काढून पाहिली. चतुर्थीला एकवीसशे मोदक वळणाऱ्या, गौरीजेवणाच्या दिवशी पहाटे चारपासून मंडळाच्या स्वयंपाकघरात उभ्या असणाऱ्या आणि त्यापायी सकाळची आरती चुकणाऱ्या बायकांसाठी त्यात एकच ओळ आहे: 'तसेच समस्त महिला वर्ग.' ती ओळ आमच्याच हातची. दोष दुसऱ्या कुणाचा नाही.

यंदा संपादकांना विनंती करून आम्ही अर्धे पान जास्त मागून घेतले आहे. स्वयंपाकघरात जाऊन वही घेऊन बसलो आणि एकेक नाव लिहिले. चौतीस भरली. एक-दोघींनी "आमचं कशाला भाऊजी?" असे म्हणत नाव द्यायला आढेवेढे घेतले. त्यांनाही सोडले नाही. पुढच्या जनगणनेचा रकाना आमच्या हातात नाही, पण हे पान आहे. कुणाचे नाव राहून गेले असेल तर विसर्जनापूर्वी जरूर कळवावे. पुढल्या वर्षी दुरुस्ती होईल.

गणपती बाप्पा मोरया!